बोगदे चुकवून पुण्याहून मुंबईला, विमानानं

साठच्या दशकातली ही सहल, खरं तर निकडीपोटी निघालेली. शांताआत्याची मुलगी कुसुम मुंबईत, परळला राहायची. दिवस भरत आलेले आणि डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केलेला. म्हणजे बाळंतपणाला आईनंच जायचं. पण आत्याला एस.टी. सोसत नव्हती, शिक्रापूर यायच्या आत उलट्या. आणि आगगाडी म्हटली की घाटातले बोगदे. लहानपणी ती पेवात, धान्य साठवायच्या खोल खड्ड्यात अडकली होती. तेव्हापासून बंद अंधारात तिचा श्वास कोंडायचा. एकदा हिय्या करून मुंबईला निघाली, ती लोणावळ्यालाच उतरून परत आली.

मी शिरूरला शाळेत भूगोल शिकवायचो. वडगाव रासाईच्या घरी नकाशा पसरला, त्यावर पट्टी ठेवली आणि दाखवलं: रूळ वळणं घेत जातात, विमान सरळ जातं. हवेत अर्धा-पाऊण तास, बोगदा एकही नाही. पडलं तर काय, असं माझे वडील, आप्पा म्हणाले. आत्यानं मात्र कांद्याचे आलेले पैसे पुढं केले. तिकीट रेल्वेच्या कितीतरी पट होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

खरा वेळ गेला पुणं गाठण्यात. नावेनं भीमा ओलांडली, पलीकडं दौंड तालुक्यात बैलगाडी केली आणि केडगाव स्टेशनावर दौंडहून येणाऱ्या पॅसेंजरची वाट बघत भाकरी सोडली. गाडीला इतका उशीर, की दशम्याही संपल्या. पुण्यात ओळखीच्यांकडे मुक्काम केला.

सकाळी विमान कंपनीच्या मोटारीनं लोहगावच्या विमानतळावर पोचलो. तिथं सामानाबरोबर माणसांचंही वजन करत. आत्या डिंकाच्या लाडवांचा डबा कवटाळूनच काट्यावर चढली. डबा खाली ठेवायला तयार होईना. विमान शेपटीवर टेकून उभं, त्यामुळे आत चढ चढून जागेवर जावं लागलं. हवाई सुंदरीनं गोळ्या आणि कानात घालायला कापूस दिला. ती रोज असं उडते हे तिच्या आईला ठाऊक आहे का, असं आत्यानं तिला हळूच विचारलं. ती हसून हो म्हणाली, तेव्हा कुठं आत्यानं गोळी तोंडात टाकली.

वर गेल्यावर आत्या डोळे मिटून बसली. आवाज सोडला तर काहीच जाणवेना.

"सदा, थांबलंय का रं हे?"

"न्हाई आत्या. चाललंय. बघ तरी."

तिनं डोळे उघडले. खाली घाट होता, हिवाळ्याच्या उन्हात स्वच्छ. एक आगगाडी डोंगरातल्या बोगद्यात शिरत होती. आत्यानं माझं मनगट आवळलं. जरा वेळानं पलीकडच्या अंगानं डबे बाहेर यायला लागले.

"एवढासाच हाय व्हय," ती म्हणाली.

गोळी संपते न संपते तोच सांताक्रूझ आलं. तिथून टॅक्सीनं परळला जायलाच विमानापेक्षा जास्त वेळ लागला. कुसुम आईला बघून रडली. आत्यानं विमानाचं अवाक्षर न काढता पदर खोचला आणि स्वयंपाकघरात शिरली. दुसऱ्या दिवशी मी रेल्वेनं परतलो.

त्या अर्ध्या तासाचं मला फार अप्रूप होतं. वर्गात, पारावर सगळीकडं तेच सांगत सुटलो. कुसुम बाळंत होऊन सव्वा महिना उलटला, तसा आत्याला आणायला पुन्हा विमानाची चौकशी सुरू केली. तोच एका रविवारी दुपारी पलीकडून नाव आली. नावेत आत्या, कुसुम आणि दुपट्यात बाळ. तिघं आगगाडीनं आली होती.

मी बोगद्यांचं विचारलं.

"मी भ्याले आसते तर पोरगं बी भ्यालं आसतं," आत्या म्हणाली. "म्हनून डोळं उघडं ठिवलं."

मग बाळ माझ्या हातात देऊन ती पाय धुवायला नदीकडं वळली.