दाराबाहेरचा दानियल

"बाई, तुमी मंडळीचं नाक कापलं! विश्वासू ख्रिस्ती माणूस दारू पेते? अन् तेबी नाताळाच्या अंकात?"

शमुवेलभाऊ, म्हणजे चर्चचे पंच, सुशीलाबाईंच्या ओसरीवर उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की कारंज्यातल्या जैन मंदिरावरची कबुतरं उडाली ती थेट शेलूबाजारला जाऊन बसली. मी शेजारी, सरकीच्या दुकानाचा मालक, देवळात जाणारा माणूस. पण तमाशा फुकटचा असला की मी कोणत्याही धर्माच्या ओसरीवर बसतो. बाईंचे यजमान याकोबभाऊ, एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक, खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. आणि बाई त्यांच्या वेताच्या खुर्चीत, चष्मा पुसत... बाईंना जाऊन महिना उलटला, पण आठवण निघाली की मला आधी हा ओरडाच ऐकू येतो.

भांडण होतं दानियलवरून. दानियल हा चर्चच्या नाताळ अंकासाठी बाईंनी लिहिलेल्या, अजून छापायच्या कथेतला सुतार. पोरगा गेल्यावर बाटलीला लागतो, मंडळीपुढे शपथ घेतो, पुन्हा पितो. बायको भाकरी थापताना देवाला शिव्या घालते. शेवटी ती चर्चमध्ये जाते आणि हा चपला हातात धरून दाराबाहेरच उभा राहतो. कथा संपली. शमुवेलभाऊंचं म्हणणं, एक ओळ वाढवा, त्याला आत आणा, प्रभूनं आपल्याला कसं वाचवलं याची सगळ्यांपुढे साक्ष द्यायला लावा.

"मलेबी वाट्टे तो आत यावा," बाई म्हणाल्या. "पण तो येऊन नाई राह्यला, भाऊ. आता काय कॉलर धरून आणू त्याले?"

बाई ढिल्या होत्या असं कोणी समजू नये. प्रत्येक कथा त्या आधी याकोबभाऊंना आणि मला वाचून दाखवायच्या. या कथेत मोहाच्या दारूचं वर्णन माझ्या सल्ल्यानं घातलेलं. काय वर्णन होतं! पालथ्या घड्यालाही घोट घ्यावासा वाटला असता. बाईंनी ते वाचलं आणि तिथल्या तिथं काट मारली.

"काहून बाई? चांगलं रंगलं होतं की!"

"म्हनूनच. पाप दाखवावं, त्याची चव चाखवू नये. अन् पुण्यबी फुगवू नये. गोष्टीत खोटं बोललं तरी ते खोटंच अस्ते, रमेशभाऊ." हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून का म्हटलं, ते देव जाणे.

शेवटी पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मधे पडून कथा आहे तशी छापली. ती वाचून पन्नास बेवड्यांनी बाटल्या फोडल्या, बेंबळा नदीला पूर आला, असं मी बाजारात आजही सांगतो. खरं म्हणाल तर एक जण आला. फाटकाशीच उभा राहिला, म्हणाला, "बाई, मंग दानियलचं काय झालं?" बाई म्हणाल्या, "मले ठाव नाई. तू ये, चहा घे." तो चहा पिऊन गेला. दोन आठवडे नीट राहिला, मग पुन्हा घसरला, मग पुन्हा चहाला आला... बाईंनी त्याच्यावर कथा मात्र लिहिली नाही. म्हणायच्या, "त्याचं अजून चालू हाये."

मग बाईंचं दुखणं आलं. हाडात शिरलेलं, बसू देईना, झोपू देईना. आणि त्या गेल्या तेव्हा शोकसभेत शमुवेलभाऊ खरोखर रडले, माईकवर म्हणाले, बाई ओठांवर गीत घेऊन हसत हसत प्रभूकडे गेल्या. सगळी सभा हुंदके देत होती, मीही. बाईंच्या आठवणीत लिहायच्या या लेखासाठी मी तेच घेतलं, वर थोडं माझं घातलं : चेहऱ्यावर तेज, अंगणात अवेळी फुललेला मोगरा, साऱ्या कारंज्यात दरवळ.

परवा तो मजकूर घेऊन ओसरीवर गेलो. वेताची खुर्ची तिथंच आहे. तिचा उजवा हात घासून गुळगुळीत झालेला, वाचताना बाई तिथं मूठ आपटायच्या. तिच्यात कोणी बसत नाही. मी पायरीवर बसून मोठ्यानं वाचलं, जसं त्या वाचायच्या. याकोबभाऊ शेंगा सोलत ऐकत राहिले. मोगऱ्यापाशी मीच अडखळलो.

"भाऊ, तुमी जवळ होते... शेवटी शांत होत्या ना बाई?"

"नाई," याकोबभाऊ म्हणाले. "देवासंग भांडून राह्यली होती. मंग थांबली."