साक्षी बाटलीतले एकोणीस धागे

वेर्लीमावशीच्या खोपटात शिरताना केसाळ जाकीट बाहेरच्या खुंटीला टांगायचं, हा नियम आमच्या बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या सकाळी मला थंडी वाजत होती. हिरवं जाकीट अंगावर ठेवूनच मी बारा बाटल्या उघडल्या, त्यांतलं समुद्राचं पाणी एकेक करून चाळणीतून ओतलं, वर शीळही घातली. मावशीचा डोळा भिंगाला लागलेला होता. तिनं मान वर केली नाही.

वेर्ली कॉर्कम माझी सख्खी मावशी नव्हे, अख्ख्या बंदराची मावशी. एकतीस वर्षं ती मासळीच्या कारखान्यात काचेच्या टेबलाशी उभी राहिली. टेबलाखाली दिवा, वर कॉड माशाचे तुकडे. मांसात अळी दिसली की सुरीच्या टोकानं उपसायची. कारखाना बंद पडला, नजर काही बंद पडली नाही. मग ती समुद्राच्या पाण्यात डोकावायला लागली आणि तिथं तिला पापणीच्या केसाहून बारीक हिरवे धागे दिसले.

कुठून आले, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. धक्क्याच्या टोकाला जुन्या प्लास्टिकच्या दोरांचा ढीग आहे, माझ्या जन्माआधीपासूनचा. लॉबस्टर पकडायचे पिंजरे ओढून झिजलेला दोर तिथं टाकायचा, "लागला तर असावा" म्हणून, ही आमची रीत. आजवर कुणाला लागलेला नाही. मावशीनं त्यातला एखादा दोर मुठीत चुरला, की हिरवा भुगा पडायचा.

"बटाट्याची साल कुजते, तिची माती होते. हा कुजत नाही रे. ऊन याला ठिसूळ करतं, लाटा नि वाळू दळतात. बारीक होतो, आणखी बारीक होतो, पण नाहीसा होत नाही. शेवटी शिंपल्यांच्या पोटात जातो. आणि शिंपले कोण खातं?"

"मी."

"वाडगाभर," मावशी म्हणायची.

हा ढीग हिवाळी वादळांआधी हलवायचा का, हे मंगळवारी बंदर समितीत ठरायचं होतं. अध्यक्ष एल्डन झ्विकर म्हणत, "दोर गप पडलाय, कुणाला चावतोय?" त्यांना उत्तर म्हणून मावशीनं माझ्याकडून ढिगापासून लांब लांब जात बारा जागांचं पाणी भरून आणवलं होतं. तेच मी ओतलं.

दुपारी तिनं मला हाक मारली. टेबलावर तेरावी बाटली होती, गाळलेल्या पाण्याची, सदा उघडी. मावशी तिला साक्षी बाटली म्हणते. खोलीतल्या हवेतून काही पडलं, तर ते तिच्यात सापडतं.

"एकोणीस धागे. हिरवे," ती म्हणाली. "हिच्यात समुद्र कधी शिरला?" मग तिची नजर माझ्या कोपरावर गेली. जाकिटाला तिथं टक्कल पडलं होतं.

"मावशी, ही लोकर आहे."

"मेंढीनं प्लास्टिक खाल्लं असेल, तर असेल."

मी शहाणपणा करायला गेलो. "पण आकडे वाढलेच ना? तुझ्याच बाजूनं. झ्विकरकाकांना काय कळतंय?"

मावशीनं भिंग पुसलं. बराच वेळ पुसलं. "कारखान्यात एकदा एक अळी मी सोडली होती. कामाची पाळी सुटायची वेळ, पाय दुखत होते. कुणाच्या ताटात गेली, कोण जाणे. मला अजून दिसते. आता एकोणीस सोडू?"

सगळे आकडे तिनं खोडले. तिच्या नवऱ्याचा सुती सदरा घालून मी पुन्हा होडी काढली. अकरा बाटल्या भरल्या. बारावी जागा बेटापलीकडची. तिथं धागे संपतात का, हे कळायचं होतं. पण तिथं धुकं बसलं, आणि मंगळवार काही थांबला नाही.

सभेत मावशी उभी राहिली. "अकरा बाटल्या आणल्यात. बारावी नाही. आणि पहिल्या बारा या गाढवाच्या जाकिटानं नासल्या."

सभागृह हसलं, झ्विकर सगळ्यांत जास्त. मग तिनं वाचलं. ढिगाशी एक्केचाळीस, शिंपल्यांच्या खडकाशी सव्वीस, अकराव्या जागीही तीन. हसू हळूहळू ओसरलं.

"जाकिटाचं बोलली नसतीस, तर आम्हाला कळलंही नसतं," झ्विकर म्हणाले.

"म्हणूनच बोलले."

झ्विकरनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि हात वर करायला सांगितलं. पहिला हात त्यांचाच होता.

शनिवारी ढीग उपसला. वरचे दोर उचलले गेले. खालचे फावड्यानं भरावे लागले, इतका त्यांचा हिरवा भुगा झाला होता.

बारावी बाटली मावशीनं खिडकीत ठेवलीय, रिकामी, माझ्या नावाची चिठ्ठी लावून. त्यानंतर धुकं दोनदा निवळलं. दोन्ही वेळा मी पिंजरे दुरुस्त करत होतो, असं मी सांगितलं. मी खोपटात गेलो की ती बाटलीकडे बघत नाही, माझ्याकडे बघते.