परत न आलेली कवळी

संध्याकाळच्या बसमधला तो म्हातारा दर चार-पाच सेकंदांनी तोंडात काहीतरी वाजवायचा. खालचा जबडा जरासा पुढे, मग मागे, आतून जिभेचा एक फेरा, आणि टक्. वाजवून झालं की खिडकीबाहेर बघत बसायचा, अगदी निवांत. पुन्हा टक्. शेजारी बसलेल्या मास्तरांच्या कपाळाची शीर तोवर ताडताड उडायला लागलेली असायची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. दातांच्या एका दवाखान्यामागच्या खोलीत ते कवळ्या बनवत. डॉक्टर त्यांना मास्तर म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. म्हाताऱ्याच्या तोंडात काय वाजतंय हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. खालची कवळी. नीट बसत नव्हती. एखाद्या गबाळ्यानं उरकलेलं काम, दुसरं काय? असल्या माणसाचे हात बांधून ठेवले पाहिजेत, असं मास्तरांचं मत झालं. म्हाताऱ्याचं नाव त्यांनी मनातल्या मनात टकटके ठेवून टाकलं आणि ते दातओठ खात बसले. स्वतःचे, मूळचे दात. साठीला आले तरी त्यांचा एकही पडला नव्हता.

उपाय त्यांनी सगळे करून पाहिले. जागा बदलली, तर टकटके मागोमाग उठून आले. "आज इकडे बसलात होय," म्हणत पुन्हा शेजारी. डोळे वटारून पाहिलं, तर टकटक्यांना वाटलं यांना बरं नाही, त्यांनी तब्येतीची चौकशी केली. दवाखान्यात कापसाला तोटा नव्हता. एके दिवशी मास्तर दोन्ही कानांत बोळे घालून बसले, तेव्हा थांब्याचं नाव ऐकू आलं नाही आणि तीन थांबे पुढे जाऊन चालत परत यावं लागलं. नंतरच्या बसनं जायचं ठरवलं, तर तासभर उभं राहून पाय भरून आले. चौथ्या दिवशी निमूटपणे जुनी बस, जुनी जागा. टकटक्यांनी त्यांच्यासाठी रुमाल टाकून ती धरून ठेवली होती.

त्यांचा राग वाजवी होता असं नाही, पण त्याला कारण होतं. मास्तरांच्या खोलीला एकच छोटी खिडकी होती आणि ती दवाखान्यात उघडायची. त्या खिडकीतून प्लास्टरचे जबडे आत यायचे, चिठ्ठीसकट. मास्तर मेणाची सुरी तापवून एकेक दात मेणात बसवायचे, डोळा बारीक करून ओळ बघायचे, अर्धा केस इकडे, अर्धा केस तिकडे. मग गुलाबी कवळी तयार व्हायची, मोटरवर घासून लखलखीत व्हायची आणि डबीतून खिडकीबाहेर जायची. पेशंट मास्तरांना दिसत नसत आणि मास्तर पेशंटना. भिंतीवर दोन फळ्या होत्या. एकीवर नवी कामं, दुसरीवर परत आलेली. ती दुसरी फळी एकतीस वर्षं रिकामी होती. म्हणजे अगदीच रिकामी नव्हे, मास्तर तिच्यावर जेवणाचा डबा ठेवायचे. नवा माणूस भेटला की ते आधी फळीकडे बोट दाखवायचे. "एकही परत नाही," म्हणायचे. एवढं एकच वाक्य त्यांनी आयुष्यभर जपलं होतं.

घरीही त्यांच्या हातचं काम होतं. चार वर्षांपूर्वी बायकोचे खालचे-वरचे दात गेले, तेव्हा मास्तरांनी तिच्यासाठी बनवलेल्या कवळीचं डॉक्टरांनी सगळ्या दवाखान्याला कौतुक सांगितलं होतं. नंतर बायको जरा अबोल झाली. वयानं माणूस शांत होतो, मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. घंटा वाजवल्यावर दार उघडायला तिला वेळ लागायचा. गुडघे, दुसरं काय? ते आपले जिन्यात उभे राहायचे.

त्या दिवशी रेल्वेच्या फाटकापाशी बस अडकली ती अडकलीच. टकटक्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी मानेनंच नको म्हटलं. मग टकटक्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, रुमाल ओठांशी नेला आणि खालची कवळी काढून मांडीवर रुमालात ठेवली. तोंडातल्या तोंडात बिस्कीट विरघळवत ते फाटकाकडे बघत बसले.

मास्तरांनी नको नको म्हणत रुमालाकडे पाहिलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

डावीकडच्या शेवटच्या दाढेमागे, गुलाबी भागावर, दोन बारीक रेघा होत्या. आपल्या प्रत्येक कामावर मास्तर सुईच्या टोकानं त्या दोन रेघा ओढत. हे डॉक्टरांनासुद्धा माहीत नव्हतं.

"जरा बघू का?" ते म्हणाले.

"काय, हे?" टकटक्यांना नवल वाटलं, पण लाज काही वाटली नाही. "बघा की."

कवळी ओली होती आणि कोमट होती. मास्तरांनी हजारो कवळ्या हातात धरल्या होत्या, त्या सगळ्या कोरड्या आणि गार. कोणाच्या तोंडातून आलेली ही पहिलीच.

"मी दातांचंच काम करतो," ते म्हणाले. "ही सारखी हलवत का असता तुम्ही?"

"मी कुठे हलवतो? तीच हलते. मी जागेवर बसवतो."

"डॉक्टरांना दाखवलं नाही?"

"दाखवलं ना, सुरुवातीला. सवय होईल म्हणाले." टकटक्यांनी दुसरं बिस्कीट काढलं. "झाली सवय. दिसायला मात्र फार सुरेख आहे हो. फोटोत तर विचारू नका. जीभ तेवढी मावत नाही आत."

मास्तरांनी कवळी उजेडाकडे धरली. दाढांची ओळ आतल्या अंगाला घेतलेली, सरळ, देखणी, बोट ठेवायला जागा नाही. त्यांना तशीच ओळ आवडायची. प्लास्टरवर ती शोभून दिसायची. आणि प्लास्टरच्या जबड्यात जीभ नसते. मधली जागा मोकळी असते, तिथे मास्तर सुरी टेकवायचे. ते बघत राहिले आणि त्यांना कळत गेलं, एकेक दाढ कळत गेली. जिभेला जागा नाही म्हणून जीभ ढकलते, जीभ ढकलते म्हणून कवळी उचलते. हा एवढा साधा हिशेब एकतीस वर्षं खिडकीच्या पलीकडे राहिला होता.

"मग परत का नाही दिलीत?" त्यांचा आवाज चढला. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं.

"कोण देतं परत? माझ्या मेव्हण्याची पण त्याच दवाखान्यातली आहे. तो कपाटात ठेवतो." टकटके हसले. "घरी मीही काढूनच ठेवतो. जेवायला बोळकंच बरं. बेल वाजली की घालायची, एवढंच. कोणी आलं तर बरं दिसावं माणसानं."

फाटक उघडलं, बस हलली. टकटक्यांनी कवळी रुमालानं पुसून तोंडात घातली, जबडा पुढे-मागे केला आणि टक् वाजवून ती बसवली.

"ज्यानं केली त्याला ओळखत असाल तुम्ही," ते म्हणाले.

"ओळखतो."

"कसा आहे माणूस?"

"हात चांगला आहे," मास्तर म्हणाले. उतरताना त्यांनी टकटक्यांना दवाखान्यामागच्या आपल्या खोलीची खूण सांगितली. "उद्या या. मागच्या दारानं या, आणि तोंड उघडून दाखवा मला."

जिना चढता चढता त्यांना वरून बायकोचा आवाज ऐकू आला. ती फोनवर बहिणीशी बोलत होती. शब्द जरा फसफसत होते, पण धबधबा होता नुसता. कोणाची तरी नक्कल चालली होती, मध्येच ती खळखळून हसली. असं हसणं मास्तरांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. ते दाराबाहेर उभे राहून ऐकत राहिले. त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही. नुसती लाज वाटली.

मग त्यांनी घंटा वाजवली.

आतला आवाज तिथल्या तिथे तुटला. पावलं वाजली. दाराकडे नव्हे, आत, मोरीच्या बाजूला. गुडघ्यांनी रखडणारी पावलं नव्हती ती, चांगली धावत गेली. नळाचा आवाज आला.

"अगं," मास्तर दाराला तोंड लावून म्हणाले, "राहू दे. तशीच ये."

नळ बंद झाला. मग दार उघडलं. बायको एक हात तोंडावर धरून उभी होती, दुसऱ्या हातात ओली कवळी.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" ती हाताआडून म्हणाली.

मास्तरांनी डबा खाली ठेवला आणि तळहात पुढे केला.

"दे इकडे," ते म्हणाले. "परत घेतो."