लाल रेघेखालचे ठिपके

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणंही चांगली मिळत गेली. आधी नोकरी होती, मग निवृत्ती आली, मग बायकोचं दुखणं. पांढुर्ण्यात आजही लोक म्हणतात की त्या पोरीला नागपूरचं काम झेपलं नाही, म्हणून तिनं सोडलं. ते खोटं आहे. ते मी पसरवलं नाही. माझ्यासमोर कुणी तसं म्हटलं की मी फक्त चहा पीत राहिलो.

मी जन्मलो सौसरला, आणि नोकरीभर राहिलो पांढुर्ण्याला, कारण नागपूरला अप-डाऊन करायला गाडी इथून मिळते. नागपुरात विज्ञान आणि आरोग्याची पुस्तकं काढणारी एक कंपनी होती. शाळेची विज्ञानाची पुस्तकं, नर्सिंगची क्रमिक पुस्तकं, आणि खेड्यापाड्यांत वाटायच्या मराठी पुस्तिका. मी तिथे प्रुफं तपासायला लागलो आणि मराठी विभागाचा प्रमुख होऊन थांबलो. निवृत्तीचं वय झालं तरी त्यांनी मला ठेवून घेतलं होतं. डॉक्टर लोक लिहून द्यायचे, ‘रुग्णाने विपुल प्रमाणात जलप्राशन करावे’. मी ते खोडून ‘पाणी भरपूर प्या’ असं करायचो. आयुष्यभर एवढंच केलं, पण ते मला फार मोठं वाटायचं. आपल्या पुस्तिकेमुळे रामाकोन्याच्या एखाद्या बाईनं लेकराला वेळेवर दवाखान्यात नेलं असेल, या विचारावर मी कित्येक वर्षं छाती काढून चाललो.

ती माझ्या शाळेतल्या मित्राची मुलगी. मित्र तहसिलीत बाबू होता, बौद्ध घर, शिक्षणाचं वेड असलेलं. आमची संत्र्याची शेती. त्याच्या घरी मी चहा पितो, जेवतो, हे मी लोकांना आवर्जून सांगायचो. सांगावंसं वाटायचं, यातच माझा मोठेपणा किती होता ते आलं. मुलगी एम.एस्सी. झाली तेव्हा आमच्याकडे जागा निघाली होती. मी फक्त तेवढं कळवलं. परीक्षा ती स्वतः पास झाली, मुलाखत तिनंच दिली. पण गाडीत ओळखीचं कुणी भेटलं की मी म्हणायचो, ‘ही आपलीच, मी लावली.’ ती खिडकीबाहेर बघायची.

कामाला पोरगी तिखट होती. जवळ कायम पाण्याची मोठी बाटली. ऑफिसच्या जिन्यावर मधेच थांबायची आणि मागून येणाऱ्याला म्हणायची, ‘व्हा पुढं जी, माही पॅसेंजर थांबली.’ सगळे हसायचे. विक्री विभागाचे साहेब तिला ‘पॅसेंजर मॅडम’च म्हणायचे. त्यांना वाटायचं पोरगी आळशी आहे आणि आळसाची थट्टा करते. तिलाही ते सोयीचंच होतं.

खरं काय ते मला एका थंडीत कळलं. पांढुर्ण्याच्या फलाटावर ती अचानक बाकावर बसली आणि दोन्ही गुडघे धरून वाकली. चेहरा पांढराफटक पडला. मी घाबरून माणसं बोलवायला निघालो, तर तिनं माझी बाही धरली.

‘कोणाले बलावू नका, काकाजी. सिकलसेल आहे मले. लहानपणापासून.’

‘आणि तू हे जिन्यावर हसत सांगतेस?’

‘मंग काय रडून सांगू? माह्यं रक्त म्हणजे आपली पॅसेंजर. निघते बरोबर, पण मधातच कुठंबी थांबून राहते. पाणी पाजलं, ऊब देली, का चालते परत.’ थोडा वेळ दम खाऊन ती म्हणाली, ‘ऑफिसात नका सांगू. एकदा सांगतलं ना, का माणूस उरत नाही, बिमारीच उरते.’

मी शब्द दिला.

पुढे कंपनीनं सिकलसेलवर पुस्तिका काढायचं ठरवलं. आमच्या भागात घराघरांत असलेला आणि घराघरांत लपवलेला आजार. मजकूर तिनंच लिहिला. असं चोख, माणसाला न घाबरवणारं लिखाण मी आमच्या विभागात पाहिलं नव्हतं. तरी मी म्हणालो, ‘यात जिता माणूस पाहिजे. तुझी गोष्ट टाकू. नाव-गाव बदलून.’

तिनं दोन दिवस घेतले. मग म्हणाली, ‘टाका. कोण्या पोरीले धीर येत असन तर टाका. पण ते पॅसेंजरचं नका टाकू. ते सगळ्याइले ठाऊक आहे माह्यं.’

मी मान डोलावली आणि टाकलं. मला ते वाक्य सोडवेना. सगळ्या पुस्तिकेत तेच एक वाक्य असं होतं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रोग उभा राहील. मी तिला लोधीखेड्याची शिक्षिका केलं, वय वाढवलं, एक भाऊ दिला, आणि वाक्य मात्र तेच ठेवलं. प्रुफं तिच्याकडे गेली तेव्हा तिनं त्यावर लाल शाईनं सरळ रेघ मारली. बाजूला काही लिहिलं नाही. मला कळेल, असं तिला वाटलं असणार.

आमच्या धंद्यात एक खूण आहे. खोडलेला मजकूर तसाच ठेवायचा असेल तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे. आणि आमच्या ऑफिसचा रिवाज असा की शेवटचा हात प्रमुखाचा. त्यानं ठिपके दिले की कुणी विचारायचं नाही, प्रूफ थेट छपाईला. मी ठिपके दिले. चांगल्या वाक्याला वाचवल्याचा आनंद झाला मला. तिला सांगितलं नाही. छापून आल्यावर तिलाही आवडेल, असं मी स्वतःला समजावलं.

पुस्तिका आली त्या दिवशी हॉलमध्ये छोटा कार्यक्रम होता. विक्रीच्या साहेबांनी हौसेनं मधलंच पान काढून मोठ्यानं वाचायला घेतलं. ‘माझं रक्त म्हणजे पॅसेंजर गाडी…’ इथे ते थांबले. वर पाहिलं. ‘अरे, ये तो अपनी पॅसेंजर मॅडम है!’

काही लोक सवयीनं हसले. मग हसणं तुटत तुटत बंद झालं. ती शेवटच्या रांगेत होती, हातात पाण्याची बाटली. तिनं साहेबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत ती पानं तिच्या नावासकट व्हॉट्सअॅपवर सौसरपर्यंत पोचली होती. आपल्या पुस्तिका गावात पोचाव्यात म्हणून मी जन्म घालवला. ही पोचली.

पण मी इथेच थांबलो तर पुन्हा खोटं बोललो असं होईल. वाक्याची चूक मोहाची होती. पुढची तशी नव्हती. माझ्यानंतर मराठी विभाग तिच्याकडे जाणार, हे जवळजवळ ठरलं होतं. तिला तेच हवं होतं. गाडीत ती मला पुढच्या पुस्तिकांचे बेत सांगायची: बाळंतपण, दृष्टी, दात. ‘दाताचं तं काहीच नाही आपल्याकडं, काकाजी. लोकं तंबाखूनं दात घासून राहिले.’ पुस्तिका आल्यावर थोड्याच दिवसांत मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फार सभ्य माणूस.

‘तुम्ही त्यांना घरच्यासारखं ओळखता. तुम्हीच सांगा, एवढा व्याप त्यांना झेपेल?’

ती तोवर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली होती. गाडीत दुसऱ्या डब्यात बसायची. ते मला झोंबत होतं. एवढं तिच्यासाठी केलं आणि ही तोंड फिरवते, असं वाटायचं. मी म्हणालो, ‘हुशार आहे. पण तब्येतीचं काही सांगता येत नाही.’

एवढंच. यातला एकही शब्द खोटा नाही. आयुष्यभर शब्द तोलले. कोणत्या शब्दाचं वजन कुठे पडतं हे मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

विभाग बाहेरून आणलेल्या एका माणसाला मिळाला. साहेबांनी तिला सांगितलं, तुम्ही घरून प्रुफं बघा, तब्येत सांभाळा. तिनं राजीनामा दिला. तिचे वडील मला भेटायला आले तेव्हा त्यांनी काही आरोप केला नाही. फक्त विचारलं, ‘काऊन सोडलं रे तिनं? घरी काही सांगून नाही राहिली.’ मी म्हणालो, ‘दगदग होत होती तिला.’ मित्रानं मान हलवली आणि माझे आभार मानले. आता तो नाही.

पुस्तिका फार गाजली. पुन्हा पुन्हा छापली. माझ्या निरोप समारंभात मोठ्या साहेबांनी तेच वाक्य म्हणून दाखवलं आणि टाळ्या पडल्या. दातांची पुस्तिका कंपनीनं कधी काढली नाही.

गेल्या हिवाळ्यात सौसरच्या बसस्टँडवर ती दिसली. आता तिथल्याच एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते, असं ऐकून होतो. स्वेटर, मफलर, तीच मोठी बाटली. बाकावर बसून गुडघा चोळत होती. मला पाहून उठायला लागली.

‘बसा, काकाजी. तब्येत बरी ना?’

शब्द तयार होते. कित्येकदा मनात घोळवून, खोडून, पुन्हा लिहून तयार केलेले. मी तिच्या शेजारी बसलो, तिच्या गुडघ्यावरचा हात पाहिला, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘काय, पॅसेंजर थांबली का?’

तिनं हात काढून घेतला.

‘आता तसं नाही म्हणत जी मी,’ ती म्हणाली. रागानं नाही. वर्गात एखाद्या पोराला चूक दाखवावी तसं.

जामसावळीकडून बस आली. तिनं बाटली पिशवीत ठेवली आणि गर्दीत सावकाश, एका हातानं दांडी धरून चढली. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. काच बंद होती, थंडीमुळे. मला एवढंच म्हणायचं होतं: तू रेघ मारली होतीस, मी ठिपके दिले. काम तुला झेपत होतं, पोरी. मला माफ कर.

मी काचेवर टकटक केली. तिनं काच सरकवली आणि विचारलं, ‘काय म्हणता, काकाजी?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘काच लावून घे. वारा आहे.’