अण्णांच्या फोटोत किती जागा

अण्णा गेल्यावर त्यांचा फोटो फ्रेमसाठी जाफराबादच्या एका स्टुडिओत दिला. आमच्याकडे असा फोटो दिला की स्टुडिओवाला न विचारताच माणसाला कोट चढवतो, डोक्यावर फेटा बसवतो आणि मागं निळा पडदा टाकतो. अण्णा माझे वडील, त्यांनी आयुष्यभर भोकरदन रस्त्यावर जीप चालवली, कोट कधी घातला नाही. तरी सगळे म्हणाले, चांगला आला. मीही म्हणालो.

तेव्हा मी जालन्याला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. दहावीच्या पुढं गेलेला घरातला मी पहिलाच. ताईची शाळा सातवीला थांबली म्हणून माझी सुरू राहिली, हे मी विसरत नाही. माझा प्रकल्प होता चित्रात माहिती लपवण्याचा, आणि कोणत्या चित्रात किती मावेल याचा आधी अंदाज काढण्याचा. दहाव्याच्या दिवशी मी ताईला ते सांगत बसलो. दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं.

तिनं भांडी घासता घासता विचारलं, "मंग अण्णांचा आवाज बसंल का त्या फोटूत?"

आवाज एकच होता, माझ्या मोबाइलवर त्यांनी बोलून पाठवलेला अर्ध्या मिनिटाचा निरोप.

"नुसताच पाठवतो की तुला."

"नको. माझ्या मोबाइलमधलं पोरं सगळं पुसतात. अण्णांचा फोटू तेवढा कोनी पुसत न्हाई."

"पण ऐकायला दर वेळी माझा लॅपटॉप लागंल, ताई."

"मंग तं बराबरच झालं. तेवढंच येत जाशील."

जालन्याला परत गेलो आणि हिशोब मांडला. चित्र म्हणजे ठिपके. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. आकड्याचा अगदी शेवटचा बिट, म्हणजे शेवटचा शून्य किंवा एक, बदलला तर रंग इतका थोडा हलतो की डोळ्याला कळत नाही. म्हणून दर ठिपक्याला तीन बिट लपवता येतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. स्टुडिओच्या फोटोत बहात्तर लाख ठिपके होते, म्हणजे सत्तावीस लाख बाइट. आवाज साठ हजारांचा. मी आकडे दोनदा तपासले. आनंद झाला असं म्हणता येणार नाही, उत्तर बरोबर आलं एवढंच.

प्रकल्पाच्या सरांनी कागद पाहिला. ते हळू बोलायचे, मला कधी खाली पाहायला लावलं नाही त्यांनी.

"ही झाली जास्तीत जास्त जागा. वापरण्याजोगी किती?" त्यांनी निळ्या पडद्यावर बोट ठेवलं. "इथं सगळा एकच रंग आहे. एक आकडा हलला तरी काही लपवलंय का ते तपासणाऱ्याला सापडेल. माहिती लपते ती खडबडीत जागी. केस, सुरकुत्या, धूळ. तेवढंच मोज."

मी तेवढंच मोजलं. कोट सपाट होता, फेटा वरून चिकटवलेला. गालांवरच्या सुरकुत्या स्टुडिओवाल्यानं घासून काढल्या होत्या. भुवया आणि मिशा धरून पन्नास हजार बाइटसुद्धा भरेनात. अण्णांचा आवाज अण्णांच्या फोटोत बसत नव्हता.

मूळ फोटो ताईनं काढला होता, जीप स्टँडवर. तिला मागितला, तिनं व्हॉट्सॲपवर पाठवला. तिकडून येताना तो दाबला गेला, ठिपके कमी झाले आणि बारीक खरखर पुसली गेली. शेवटी केबल घेऊन हसनाबादला तिच्या घरी गेलो.

"एका फोटूसाठी एवढा खर्चा केलास?" ती म्हणाली.

मूळ फोटोत अण्णा जीपला टेकून उभे होते. दोन दिवसांची दाढी, शर्टावर धूळ, मागं बाभळीचं झाड. मी प्रोग्राम चालवला. सपाट भाग सगळा वगळूनही आवाजाच्या कितीतरी पट जागा निघाली. आवाज आत घातला, फोटो न दाबता साठवला, मग आवाज परत बाहेर काढून मूळ फाइलशी ताडून पाहिला. एकही बाइट इकडचा तिकडं नव्हता.

"बसला," मी म्हणालो.

ताई पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली. "कसा आलाय?"

"बिलकुल तसाच आहे. ताडून पाह्यला."

"ऐकलास का?"

"न्हाई."

"आत्ता न्हाई, का कधीच न्हाई?"

"ते गेल्यापासून न्हाई."

तिनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. तिला लॅपटॉप चालवता येत नव्हता, म्हणून बटण मलाच दाबावं लागलं. आधी हॉर्न, मग कुणीतरी भोकरदन, भोकरदन ओरडतंय. त्यावरून अण्णांचा आवाज आला. "हां, ऐक. फोन लागून न्हाई राह्यला तुझा. येताना जाफराबादला उतरू नको, मी फाट्यावरच हाये. बॅग जड आसंल तं थांब तिथंच, जल्दी करू नको. आन जेवलास का ते सांग."

तिथं तो संपला. मी फाइल बंद केली. फोटो पडद्यावर तसाच होता, काही आत आहे असं वाटत नव्हतं.

ताई डोळे पुसून उठली आणि चुलीकडे जाता जाता म्हणाली, "मंग? जेवलास का?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं ताट वाढलं. मी जेवलो.