तनूचं दळण

हे मी आजवर कोणाजवळ उघड केलेलं नाही. घरात नाही, शेजारी नाही, ह्यांच्या फोटोपुढे दिवा लावताना मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीचं माणूस आलं की मी चहा टाकते, आणि चहा टाकला की विषय बदलतो. म्हणजे — मीच बदलते. मला ते छान जमतं.

तर तनू. माझी नात, सुहासची मुलगी. नऊ वर्षांची होती तेव्हा तिला सिलियाक निघाला. गहू चालत नाही, म्हणजे अजिबात नाही. पोळी, पाव, रवा, शेवया, बिस्किट — कणभर पोटात गेला तरी आतडं आतून सोलवटतं, असं ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पोट फुगलेलं आणि हातापायांच्या काड्या, अशी दिसायची पोर. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्या, त्यांचा हप्ता, त्यात सुहास आणि प्रज्ञा — माझी सून — दोघं कमावून बेताचंच उरायचं. खास पिठांची ती महाग पाकिटं प्रज्ञाने दुकानात हातात घेतली, उलटून पाहिली आणि परत ठेवली. मी म्हटलं, राहू दे गं. आपल्या आज्या काय पाकिटं खायच्या?

आणि करून दाखवलं मी. ज्वारी, नाचणी कल्याणच्या बाजारातून एकदम आणायची. आज तांदळाची भाकरी, उद्या नाचणीचे घावन, परवा मुगाची धिरडी. आंबोळ्या, उकड, वरीचा भात, लाह्यांचा चिवडा. वाढदिवसाला ज्वारीच्या पिठाचा गूळ घातलेला केक कुकरमध्ये केला, जरा बसला, पण पोर नाचली. बाजारच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं हे ठाऊक आहे तुम्हाला? मी शोधून काढलं. फोडणीतला हिंग बंद केला आणि अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटले. बायका वही घेऊन यायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला इथे बसवायला पाहिजे, माझ्या खुर्चीत." किती बरं वाटलं म्हणून सांगू! जन्मभर रांधलं, पण विचारायला कोण आलं होतं?

हे सगळं आधी का सांगतेय? कारण पुढचं सांगायचं नाहीये. पण सांगते.

दळण. गव्हाच्या गिरणीत ज्वारी दळली तर दगडात राहिलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. हे मला पहिल्या दिवशीच समजावलेलं होतं — मला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. म्हणून तनूचं दळण वेगळीकडे. दोन गल्ल्या सोडून एक बाई घरघंटीवर फक्त उपासाचं दळून द्यायच्या — राजगिरा, वरी, शिंगाडा. त्यांच्या घंटीला गहू कधी शिवलेलाच नव्हता. उपासाच्या घंटीत ज्वारी कशी घालू, म्हणून आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लेकरासाठी घालते. गिऱ्हाइकांत बोलू नका." स्वतःचा नेम मोडला त्यांनी आमच्यासाठी.

चार-पाच महिने नीट चाललं. एक दिवस मी डबा दिला, तर त्यांनी ज्वारी परातीत ओतली आणि डब्याच्या तळावरून बोट फिरवून मला दाखवलं. पांढरं. माझ्या मागे दोन बायका उभ्या, त्यांच्यासमोर म्हणाल्या, "आजी, ही कणीक आहे. गावाला शिकवता आणि घरचा डबा पुसता येत नाही? माझी घंटी बाटेल ती बाटेल, पोरीचं काय?"

खरं बोलल्या. शब्दन् शब्द खरा. म्हणूनच झोंबला असेल. मी ज्वारी परत डब्यात भरली आणि घरी आले. पुन्हा त्या दारात जायचं नाही — बस्स, ठरवलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून तनूचं दळण आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत. जिथे दिवसभर गहू पडतो, तिथे. गिरणीवाल्याला म्हणायचे, भैया, पहली मूठ बाजू में निकालो. तो काढायचा, मी बघायचे, आणि मनात म्हणायचे — झाला दगड साफ. एका मुठीने दगड साफ होतो? मला काय कळत नव्हतं? प्रज्ञा विचारायची, "आई, घंटीवरूनच आणलंत ना?" मी म्हणायचे, मग कुठून आणणार? दर आठवड्याला. सरळ तिच्या तोंडाकडे बघून.

पोर पुन्हा पोट धरून बसायला लागली. वजन जे वाढलेलं ते उतरलं. पुढच्या तपासणीत, रक्तात या आजाराचा जो आकडा बघतात, तो खाली यायच्या ऐवजी वर. डॉक्टरीणबाईंनी साधंच विचारलं, बाहेर काही खाते का? बस्स. आमच्या घरातली सगळी तोंडं तनूकडे वळली. माझ्याकडे कोण बघणार? मी तर खुर्चीत बसवायच्या लायकीची.

घरी येऊन प्रज्ञाने दप्तर उलटं केलं. तळाशी क्रीमच्या बिस्किटाचा कागद. तनू म्हणाली, तो मैत्रिणीचा आहे, तिने माझ्या दप्तरात टाकला, मी नाही खाल्लं. सुहासने तिला मारलं. त्याने त्याआधी कधी बोट लावलं नव्हतं तिला — दवाखान्यांनी, खर्चाने, काळजीने पिचलेला माणूस. ती मार खाऊनही म्हणाली, मी नाही खाल्लं.

मी तिथेच होते. कोथिंबीर निवडत होते. एक वाक्य बोलायचं होतं हो. एकच. बोलले का? नाही.

बोलले, पण काय ते ऐका. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला आणि म्हटलं, "आजीला खरं सांग बाळा. आजी रागावणार नाही." ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं. पुन्हा. गोड आवाजात, तेल लावता लावता. मला काय हवं होतं? तिने हो म्हणावं, हेच हवं होतं. शेवटी माझ्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, "हो आजी, खाल्लं."

आणि मी ते प्रज्ञाला सांगितलं. संध्याकाळी, ती कामावरून आल्या आल्या.

मग तनूचं वाढदिवसांना जाणं बंद. सहल बंद. शाळेतल्या बाईंना चिठ्ठी — हिला डब्याच्या वेळेला वेगळं बसवा. ती बसायची. भांडायची नाही आता.

मी काय केलं? त्या घंटीवाल्या बाईंच्या दारात गेले. नवा डबा, घासून, उन्हात वाळवून. त्यांनी तळ बघितला आणि डबा घेतला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या तपासणीला आकडा खाली, त्याच्या पुढच्याला आणखी खाली. पोर भरायला लागली. सुहास म्हणाला, "बघ, बाहेरचं खाणं सुटलं आणि कशी सुधारली." प्रज्ञा म्हणाली, "आईंनी गोडीत काढून घेतलं म्हणून कळलं तरी." त्या दिवशी माझं दार बाहेरून बंद झालं. मी ज्या घरात शिरले होते त्यातून निघायला वाटच उरली नाही — पोर बरी झाली हाच तिच्या खोटेपणाचा पुरावा झाला, आणि तो पुरावा मीच दळून आणत होते. आठवडा गेला, वर्ष गेलं. प्रत्येक वर्षी सांगणं अवघड होत गेलं आणि न सांगणं सोपं.

तनू आता कॉलेजात जाते. उंच झालीये. गेल्या महिन्यात तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. मी नाचणीचे घावन घालत होते, त्या खात होत्या, तिच्या खाण्यापिण्यावरून चेष्टा चाललेली. एकीने विचारलं, तुला कधी मोह नाही होत? तनू हसत म्हणाली, "लहानपणी व्हायचा ना. मी चोरून क्रीमची बिस्किटं खायचे. घरच्यांना किती त्रास दिलाय मी! अजून चव आठवते."

चव आठवते म्हणाली. जे तिने खाल्लंच नाही, त्याची.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, किती खोटारडी होते ना मी?"

सगळ्या पोरी माझ्याकडे बघत होत्या. घावन तव्यावर होता. मी हसले. म्हटलं, "होतीस खरी."