डच मावशीचा फोटो

समस्त सुजाण वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, जर्सी सिटीतल्या आमच्या उंच इमारतीत, पार्सलं ठेवायच्या खोलीला काल नवीन दार बसवण्यात आलं असून ते मधोमध आडवं कापलेलं आहे. वरचा अर्धा भाग उघडतो, खालचा बंद राहतो, आणि मागे उभा असलेला डेस्कवाला फक्त कमरेपासून वर दिसतो. वास्तविक या प्रसंगी ताशा वाजायला हवा होता, निदान लॉबीत पेढे तरी. पण मॅनहॅटनहून संध्याकाळच्या ट्रेनने परतलेली मंडळी कानात वायरी खुपसून आली, पार्सलं उचलून लिफ्टमध्ये गडप झाली. मी एकटाच तिथे खुळ्यासारखा उभा राहिलो. व्हार्निश अजून ओलं होतं आणि त्याचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास लॉबीभर पसरला होता. डेस्कवाल्याने दोनदा विचारलं, 'सर, तुमचं पार्सल आहे का?' नव्हतं. मला कोण पार्सल पाठवतंय! पण त्या वासाने मला उचललं आणि हॅकेन्सॅक नदीच्या काठी, तांबूस दगडाच्या एका ठेंगण्या घरासमोर नेऊन उभं केलं.

डचांनी माझा पिच्छा जन्मापासून पुरवला आहे. मी वेंगुर्ल्याचा. आमच्या गावात त्यांची वखार आहे, म्हणजे वखारीच्या भिंती आहेत, आणि भिंतींपेक्षा झाडांची मुळंच जास्त आहेत. डच आले, मिरी-कापड घेतलं, आणि भिंती मागे टाकून निघून गेले, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध. दोन हजार एक साली कंपनीने मला इथे धाडलं तेव्हा कळलं की हा मुलूखही एकेकाळी त्यांचीच वसाहत होता. मी राहतो त्या शहराचं मूळ गाव त्यांनी वसवलं. इथे घरापुढच्या पायऱ्यांना 'स्टूप' म्हणतात तो शब्द त्यांचा, पोरं खातात त्या 'कुकी' त्यांच्या, अर्ध्या ओढ्यांची नावंही त्यांचीच. आमच्याकडे भिंती ठेवून गेले आणि इथे चक्क माणसं! मला फार अन्याय वाटला. मग ठरवलं, या मागे राहिलेल्या, चालत्याबोलत्या डचपणाचे फोटो काढायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी छापणार नव्हतं. पण रविवार मोठा असतो हो.

किती मोठा असतो, ते एकट्या माणसालाच ठाऊक. बायकोची पुण्यात शाळेतली नोकरी, लेकीची दहावी तोंडावर आलेली, आणि दहावीपुढे अमेरिका काय चीज आहे! त्यामुळे दोघी तिकडे आणि मी इकडे. मराठी मंडळातली माणसं प्रेमळ होती, पॉटलकला, म्हणजे प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आवर्जून बोलवायची. पण बाकीच्या घरांना अळूवड्या आणि मसालेभात वाटून दिलेला असे आणि माझ्या वाट्याला कायम कागदी प्लेट्स येत. सत्तेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, कुटुंबावाचून आलेला पुरुष दुसरं काय आणणार? कोणी वाईट बोलत नसे. सगळे हसून 'काका, प्लेट्स मस्त आहेत' म्हणायचे. मी घरी येऊन उरलेल्या प्लेट्स कपाटात रचून ठेवायचो.

तर कॅमेरा. फिल्मचा होता, जड होता, आणि त्या काळात आपल्या रंगाच्या माणसाने अमेरिकेत गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणं फारसं शहाणपणाचं नव्हतं. एकदा एका पुलाजवळ पोलिसाने गाडी थांबवून सभ्यपणे चौकशी केली, कशाचे फोटो काढताय? मी म्हणालो, डचांचे. त्याने आजूबाजूला पाहिलं. तिथे मी, तो आणि एक बदक, एवढेच होतो. तेव्हापासून मी घरांसमोर उभा राहिलो की आधी मागे वळून रस्ता बघत असे. त्या तांबूस घरासमोर तर मी फार वेळ उभा होतो. आमच्या जांभ्यासारख्या रंगाचे दगड, टोपीची कड वळवावी तशी पुढे वळलेली छपराची किनार, आणि ते आडवं कापलेलं दार, ताजं व्हार्निश केलेलं. एकाएकी दाराचा वरचा अर्धा भाग उघडला आणि कळसूत्री बाहुलीच्या खेळासारखी कमरेपासून वरची एक म्हातारी प्रकट झाली. पांढऱ्याशुभ्र केसांची, ऐंशी तरी उलटलेली.

'यंग मॅन,' ती ओरडली, 'पोलिसांना बोलवू की कॉफी ठेवू?'

ऑफिसातली सगळी पोरं मला काका म्हणायला लागली होती, त्या दिवसांत मला कोणीतरी यंग मॅन म्हणालं! मी कॉफी म्हणालो. ती माझी डच मावशी. हे नाव मी मनातल्या मनात ठेवलं, तिला कधी सांगितलं नाही. तिच्या घराण्याने हे घर बांधलं तेव्हा आपल्याकडे शिवाजी महाराजांचे नातू-पणतू राज्य करत होते. तिच्या आजोबांना घरात बोलायची मोडकी डच येत असे, तिला येत होत्या त्या फक्त शिव्या आणि एक पदार्थ. मनुका घातलेले, तळलेले पिठाचे गोळे. मी एक तोंडात टाकला आणि डोळे मिटले. आमचे घारगे परदेशात जाऊन जरा फुगून आल्यासारखे लागत होते.

पण हे सगळं दाराबाहेर. तिच्या घराची एक रीत होती. वरचं दार जगासाठी, खालचं घरच्यांसाठी. पोस्टमन, शेजारी, चर्चमधल्या बायका, सगळे पायऱ्यांवर उभे राहून बोलत आणि कॉफीचा कप खालच्या दारावरून बाहेर येई. कित्येक रविवार मीही त्या पायरीवर उभा राहून, ती सांगेल ते फोटो काढून, कप परत देऊन निघालो. नवरा गेलेला, मुलगा पार दुसऱ्या टोकाला ॲरिझोनात. आणि मग पानगळीतल्या एका दुपारी, वारा बोचायला लागला तेव्हा, खालच्या दाराची कडी वाजली. ती बाजूला झाली. मी बूट काढून आत गेलो. 'बूट कशाला काढतोस?' तिने विचारलं. मी थंडीवर काहीतरी बोललो. अख्ख्या अमेरिकेत माझ्यासाठी खालपर्यंत उघडलेलं ते एकच दार होतं. रविवारी चारच्या सुमारास त्यामागे कोणीतरी माझी वाट पाहत असे. ते दार मला गमवायचं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी तिचा फोटो काढला. खालच्या दारावर दोन्ही कोपर टेकवून उभी, मागे घरातला काळोख, चेहऱ्यावर बर्फावरून परतलेला उजेड. काळा-पांढरा. माझ्या हातून इतका चांगला फोटो आधी निघाला नव्हता, नंतरही नाही. मोठा करून घेतला आणि फ्रेम करायला आपल्या देशी दुकानांच्या रांगेतल्या एका दुकानात दिला. तिथे फोनकार्डं, अगरबत्त्या आणि देवांच्या तसबिरी एकाच काउंटरवर मिळत. मालकाने फोटो निरखला. 'सासूमाँ?' त्याने विचारलं. गोरी बाई म्हणजे मी मडमेशी लग्न केलं असणार, हा त्याचा हिशोब. खरं सांगायचं तर वेंगुर्ल्याच्या वखारीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि मागे गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हणालो, 'वैसा ही समझो.' त्याने छातीवर हात ठेवला, 'भगवान की मर्ज़ी!' मला वाटलं, सासवांबद्दलचं त्याचं हे सर्वसाधारण मत असावं.

बांधून तयार असलेलं पार्सल मी तसंच उचललं आणि रविवारी मावशीपुढे ठेवलं. तिने कागद टराटरा फाडला. आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. फ्रेमवर चंदनाच्या कपच्यांचा हार घातलेला होता. चांगला जाडजूड, मधे जरीचं फूल असलेला. त्या भल्या माणसाने दुःखात असलेल्या जावयाला तो आपल्यातर्फे फुकट दिला होता!

मावशीने हार नाकाशी नेला. 'देवा, काय सुगंध आहे! हा तुमच्याकडचा मान का?' मी मान हलवली. मान तर होताच. तिने फोटो भिंतीतल्या शेकोटीच्या वर, सगळ्यांना दिसेल असा लावला.

फोनवर बायकोला सांगितलं तर ती किंचाळलीच. 'अहो, जिवंत माणसाला? आधी काढा तो! आणि मला कधी साधा गजरा आणलात का हो तुम्ही?' पण काढू कसा? चर्चमधल्या बायका पायरीवरून माना उंच करून फोटो बघत आणि मावशी अभिमानाने म्हणे, 'भारतीय सन्मान आहे.' मी गोळे खात बसे आणि घास फिरत राही. खरं कळलं तर? आपण या म्हातारीच्या मरणाची तयारी तिच्याच शेकोटीवर टांगली, असं तिला वाटलं तर? खालच्या दाराला कडी लागायला कितीसा वेळ लागतो? मी पुन्हा पायरीवरचा माणूस झालो असतो, किंवा तोही नाही.

घडायचं ते आमच्या टीममधल्या एका नागपूरकराच्या हातून घडलं. माझी गाडी बंद पडली म्हणून तो मला सोडायला आला. 'काका, दोन मिनिटं हॅलो करून निघतो, यार,' म्हणत माझ्यामागोमाग आत शिरला, आणि शेकोटीवर नजर जाताच पार बदलला. संस्कारी घरातला गडी तो. झटकन बूट काढले, फोटोसमोर हात जोडले, डोळे मिटले. मग वळून, खुद्द मावशीचा हात हातात घेऊन, अत्यंत कोमल इंग्रजीत म्हणाला, 'फार वाईट झालं. तुमच्या जुळ्या बहीण का? केव्हा गेल्या?'

'अरे बाबा, गप!' मी मराठीत ओरडलो.

'मी का बोललो बाप्पा चुकीचं?' तो म्हणाला. मग त्याने फोटो पाहिला, मावशीला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला.

मावशी खुर्चीत बसली. 'आता मला नीट सांगा,' ती म्हणाली. शेवटी त्यानेच सांगितलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्याच फोटोला हार घालतात. हा फोटो घरात समोरच लावतात. रोज सकाळी कोणीतरी काच पुसतं, उदबत्ती लावतं, हात जोडतं. पोरं परीक्षेला निघाली की सांगून जातात, लग्न ठरलं की पहिली पत्रिका त्याच्यापुढे ठेवतात. माझी आई तर बाबांच्या फोटोशी भांडतेही, तो म्हणाला. तो बोलत होता आणि मी खालच्या दाराच्या कडीकडे बघत होतो.

मावशीला जाऊन आता दोन वर्षं झाली. ॲरिझोनाच्या मुलाने घर विकलं. नव्या मालकांनी दार तेच ठेवलंय, पण निळं रंगवलंय, आणि दोन्ही अर्धे भाग आता एकदमच उघडतात. लेक इंजिनिअर झाली, बायकोची शाळा चालूच आहे. एवढी वर्षं मी फोटो काढले ते दगडांचे, छपरांचे, पायऱ्यांचे. खोक्यात पडून आहेत. बाहेर एकच आहे, मावशीचा, तिच्या मुलाने स्वतः आणून दिलेला. हारातलं चंदन आता वास देत नाही, नाक अगदी जवळ नेलं तर थोडासा. रोज सकाळी ट्रेन पकडायच्या आधी मी काच पुसतो आणि बाहेर बर्फ आहे की ऊन, ते सांगून निघतो. मला हे करताना कोणी पाहिलं तर खुळा म्हणेल. काळ माणसं नेतो हे खरं, पण कोणाला तरी सकाळची बातमी सांगायची आपली गरज तो नेत नाही.

त्या दुपारी नागपूरकराने हाराची सगळी रीत सांगून संपवली. मी मनातल्या मनात निरोपाची वाक्यं जुळवत होतो. मावशीने हाराकडे बोट केलं. मग तिने विचारलं, 'रोज? मेलेल्या माणसाला रोज भेटायला येतं कोणीतरी?'

'हो,' तो म्हणाला, 'रोज.'

तशी ती खुर्चीतून ताडकन उठली, आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'मग मला आजपासूनच मेलेली धरा ना!'